तुझ्या मागे राहणारा वर्ग

ठाणे,
मकर संक्रांत

चि. चिऊ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन मध्येच बंद झाला तेव्हा तू रडत होतीस, हे मला कळलं. नंतर तू ‘नेटवर्क गेलं’ असा मेसेज केलास आणि मीही पुढे काही विचारलं नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही गं. तुझा आवाज ऐकला की जेवलीस का, थंडी किती आहे, पांघरूण पुरतंय का, यातच मी अडकते. म्हणून आज तिळगुळाचं ताट झाकून ठेवलं आणि लिहायला बसले. पानांचे फोटो काढून पाठवीन, सवडीने वाच.

नेपाळमधल्या तुझ्या शाळेतल्या दोन गोष्टी तू सांगितल्यास. मुलं अख्खा धडा घडाघडा म्हणतात, पण मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं की गप्प होतात. अडीच महिन्यांत यात काही फरक पडला नाही, मग मी इथे आले तरी कशाला, असं तू म्हणालीस. दुसरी गोष्ट तू घाईघाईत सांगितलीस. तिसरीतल्या त्या मुलीने विचारलं, ‘मिस, तपाईं फेरि आउनुहुन्छ?’ मिस, तुम्ही पुन्हा येणार ना? आणि तू ‘हो’ म्हणालीस.

पहिल्या गोष्टीचं उत्तर माझ्याकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी ३२ वर्षं त्यातच गेली. शहापूर तालुक्यातल्या माझ्या पहिल्या शाळेत निम्मी मुलं कातकरी आणि ठाकर होती. पहाटेची कसारा लोकल, खर्डीला उतरायचं, पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायी. पहिले सहा महिने मला वाटत होतं की पोरं मठ्ठ आहेत. हे लिहिताना आजही लाज वाटते. ती मठ्ठ नव्हती. मी बोलत होते ती पुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कोणी बोलतच नव्हतं. पुस्तकात सफरचंदाचं चित्र आणि डोंगरात करवंदं, जांभळं, आळू. मग मी फळ्यावर करवंद लिहिलं, आणि आठवडाभर न बोललेला एक मुलगा उठून उभा राहिला आणि जाळी कुठे कुठे आहे ते सांगायला लागला.

तुझ्या वर्गातली बरीच मुलं तामाङ समाजातली आहेत, घरी तामाङच बोलतात ना? मग त्यांच्यासाठी नेपाळी ही शाळेत आल्यावर भेटलेली भाषा आहे आणि तुझं इंग्रजी त्याच्याही पुढचं. तामाङ तर तिबेटी-बर्मी कुळातली, नेपाळीशी तिचं काही नातं नाही. तुला देवनागरी वाचता येते, पाटीवरचे शब्द ओळखीचे वाटतात, त्यामुळे आपल्याला तिथली भाषा येते असा भास होतो. त्या भासापासून जप. मुलांकडून रोज पाच तामाङ शब्द शीक आणि त्यांच्यासमोर चुकीचे उच्चार कर, त्यांना ते सुधारू दे. आपल्या बाईलाही चुकता येतं, हे दिसलं की मुलं वाचायला घाबरत नाहीत.

आणि धडा थोडे दिवस बाजूला ठेव. एकेका मुलाला व्हरांड्यात जवळ बसवून वाचायला लाव: आधी अक्षर, मग शब्द, मग चार ओळी, मग छोटी गोष्ट. जिथे अडेल तिथे खूण कर. मग इयत्ता विसरून त्या खुणेप्रमाणे गट पाड, रोज एक तास. मुंबईच्या वस्त्यांमधून १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने हीच पद्धत गावोगाव नेली. आमच्या शाळेतही ती आली, तेव्हा चौथीतली मुलगी दुसरीतल्या भावाशेजारी बसून शब्द जोडायला लागली आणि दोन महिन्यांत त्याच्या पुढे गेली. साहित्य विकत आणू नकोस. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी माँटेसरी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. ‘ए फॉर ॲपल’च्या जागी तुझ्या मुलांच्या घरातला कोदो घे, मका घे, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुन्द्रुक घे. कोदो म्हणजे आपली नाचणीच की! त्याचं ढिँडो तू खातेस, तुझी आजी उकड खायची.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. मी एकदा ‘माझे घर’ काढायला सांगितलं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडावर परतणारी मुलं होती ती. एकाने कोरा कागद दिला आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. तुझ्या गावातले कितीतरी बाप आखाती देशांत, मलेशियात, किंवा इथे आपल्याकडे आहेत. ‘माझे बाबा’ हा विषय देण्याआधी कोणाचे बाबा घरी आहेत ते शांतपणे माहीत करून घे.

आता दुसरी गोष्ट. तीच मला झोपू देत नाही.

शाळेत मला सात-आठ वर्षं झाली असतील. शहरातल्या कॉलेजची मुलं-मुली तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आली. चांगली मुलं होती, मनापासून आली होती. गाणी शिकवली, भिंती रंगवल्या, प्रत्येकाचं नाव पाठ केलं. जाताना सगळे रडले आणि ‘दिवाळीत येऊ’ म्हणाले. आमच्या वर्गातली एक मुलगी तेव्हापासून मधल्या सुट्टीत कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसायची. तिथून जीपचा रस्ता दिसतो. दिवाळी गेली, होळी गेली. मी तिला आत बोलवायचे, ती येऊन बसायची, पण त्या वर्षी तिने माझ्याकडून काही घेतलं नाही. त्यांच्या तीन आठवड्यांनंतर मी तिला कंटाळवाणी झाले होते. रोज हजेरी घेणारी, परवचा म्हणून घेणारी बाई.

त्या पोरांचा मी राग करत नाही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला दिसत होतं आणि मी सांगितलं नाही. ते आज तुला सांगते. त्या मुलीला उद्याच जवळ घे आणि खरं सांग: मी फागुनच्या शेवटी जाणार, पुन्हा येईन की नाही हे मला माहीत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुझ्या जाण्याच्या तारखेला सगळ्यांसमोर गोल कर. ती रडेल. तुझ्यासमोर रडू दे, तुला तिला जवळ घेता येईल. तू गेल्यावर एकटी वाट बघत बसली तर कोण घेणार?

आणि तिथल्या सरांना पुढे ठेव. ते कंटाळलेले वाटतात, पाठ करून घेतात, असं तू म्हणतेस. असेलही. पण शाळेच्या पडलेल्या खोल्यांची गोष्ट त्यांनी तुला सांगितली होती ना? २०१५ च्या २५ एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास तो भूकंप झाला, तो शनिवार होता. नेपाळात शनिवारी सुट्टी असते म्हणून हजारो वर्ग रिकामे कोसळले. एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातच तीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर ज्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा हजेरी मांडली, ती हीच माणसं. तुझा खेळ, तुझे गट, तुझी चिठ्ठ्यांची पेटी, सगळं त्यांच्या हातून होऊ दे. तू मागच्या बाकावर बस. प्रत्येक मुलाचं एक पान असलेली वही कर, कोण कुठे अडतं आणि कशाने हसतं ते लिही, आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवून ये. तुझं नाव कोणी घेतलं नाही तरी चालेल. तू निघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो एक तास झाला पाहिजे.

जाण्याआधी तू काठमांडूतल्या अनाथाश्रमाचं माहितीपत्रक दाखवलं होतंस आणि मी नको म्हणाले, तेव्हा तू रागावली होतीस. आईबाप जिवंत असलेली मुलं दलालांनी खेड्यांतून आणून तिथल्या अनेक आश्रमांत ठेवलेली सापडली आहेत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे आणि प्रेम यांवरच ते चालतं. तू शाळा निवडलीस, याचं मला बरं वाटतं.

आता प्रवासाचं. ऐरोलीची नोकरी सोडतानाच तू सांगितलं होतंस की परतताना उत्तर हिंदुस्थान बघणार. बघ. बाबा काळजी करतात, त्यांचं मी बघते. सुनौलीची सीमा चालत ओलांडता येते. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट वरच्या खिशात ठेव, आधार कार्ड तिथे तुझ्या वयाच्या माणसाला चालत नाही. गोरखपूरहून काशीला जा. विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० साली अहिल्याबाईंनी बांधलं, तिथे माझ्या नावाने हात जोड. स्पितीचा हट्ट मात्र या खेपेला सोड. मार्चमध्ये कुंझूम खिंड बर्फाखाली असते, मनालीकडून रस्ता नसतो. त्यापेक्षा कालक्याहून शिमल्याची छोटी गाडी पकड. १९०३ सालची ती, ९६ किलोमीटरला पाच-सहा तास लावते. नंतर धरमशाला. तिथली तिबेटी मुलांची शाळा नक्की बघ. १९६० साली घर-देश सुटलेल्या मुलांसाठी ती सुरू झाली, दलाई लामांच्या थोरल्या बहिणीने सांभाळली, आणि आपल्याच माणसांनी आपल्या मुलांना शिकवत ती वाढवली. शिक्षिका म्हणून तुला तिथे जास्त दिसेल.

पण एका ठिकाणी तुला मी मुद्दाम पाठवते. अमृतसरला लंगरात बस, जमलं तर पोळ्या लाट, आणि मग गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला जा. आपले नामदेव महाराज तिथे राहिले. २०१५ साली साहित्य संमेलन तिथे झालं तेव्हा मी शाळेच्या परीक्षांमुळे जाऊ शकले नाही, ती रुखरुख अजून आहे. पंढरपूरचा शिंपी, विठ्ठलाशिवाय दुसरं काही न बोलणारा, इतक्या लांब गेला आणि तिथल्या लोकांच्या बोलीत पदं म्हणू लागला. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि आजही तिथे म्हटली जातात. ती मराठी नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. महाराजांनी त्यांना मराठी शिकवायला घेतली नाही, स्वतः त्यांची भाषा शिकले. शीख मंडळी आपल्या संताला ‘भगत नामदेव’ म्हणतात. तिथे थोडा वेळ गप्प बसून ये. मला फोटो नको, तुझ्याकडून ऐकायचंय.

इथलं ऐक. आपल्या गेटवरच्या वॉचमनदादांना सगळी सोसायटी ‘बहादूर’ म्हणते. अकरा वर्षं मीही तेच म्हणत होते. तू गेल्यावर एका रात्री तुझ्या गावाचं नाव सांगायला खाली गेले आणि पहिल्यांदा विचारलं, दादा, तुमचं खरं नाव काय? ते उभे राहिले आणि पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. तू आल्यावर तू स्वतः विचार, म्हणून इथे लिहीत नाही. त्यांचा मुलगा गावी बोर्डिंग शाळेत आहे, फी इथून जाते. आता संध्याकाळी तलावपाळीवरून परतले की मी दहा मिनिटं गेटवर थांबते आणि ते मला नेपाळी शिकवतात. ‘खाना खानुभयो?’ हे मला पक्कं येतं. आपण जेवलीस का म्हणतो तसंच, भेटल्यावर पहिलं तेच.

आज त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी डब्यातून उकडलेला तरुल, म्हणजे कंद, दिला, म्हणाले, आमच्याकडे माघे संक्रान्तीला हाच खातात. तुझ्या गावीही आज केला असेल. तू खाल्लास का?

येताना कल्याणला थांबणारी गाडी मिळाली तर कल्याणला उतर, बाबा आणि मी न्यायला येऊ. आणि दादांसाठी गुन्द्रुक आण, त्यांनी मागितलेलं नाही, मीच सांगतेय. वास सुटतो म्हणे, घट्ट झाकणाच्या डब्यात भर.

तुझी,
आई