लेकीचा लॅपटॉप आणि एक न दिलेली टिक

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी रत्नागिरीत इंजिनिअरिंग शिकते, गणपतीला देवगडला घरी आली तेव्हा लॅपटॉपचा पंखा नुसता घोंघावत होता, कॉलेजने सांगितल्याप्रमाणे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू नावाची ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली आणि साधी विंडो सरकवली तरी मागे तुकडे तुकडे राहायचे. ती म्हणे बाबा नवा लॅपटॉप लागेल. काळजात धस्स झालं हो, यंदा आंबा कमीच होता.

दोघं रात्री बसलो. उबुंटूच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेलं, म्हणजे ग्राफिक्स चिप नुसती बसून आणि चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर, मग पंखा ओरडणारच ना! तो आतला आभासी संगणक पूर्ण बंद केला (नुसतं सेव्ह करून ठेवलं तर सेटिंग बदलता येत नाही, यात आमचा अर्धा तास गेला), व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' ठेवला, व्हिडिओ मेमरी १६ ची १२८ एमबी केली, थ्रीडी अ‍ॅक्सलरेशनला (चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारा पर्याय) टिक दिली आणि आत व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकलं. परत चालू केल्यावर तिथे 'एसव्हीजीएथ्रीडी' आलं, म्हणजे काम ग्राफिक्स चिपकडे गेलं, विंडो लोण्यासारखी सरकली. खरं ग्राफिक्स कार्ड आत दिल्यासारखा वेग यात मिळत नाही, पण अभ्यासाला भरपूर झालं.

कळकळीची विनंती, कॉलेजांनी सॉफ्टवेअर टाकायला सांगताना ही एवढी माहितीही पोरांना द्यावी. कर्ज काढून नवा लॅपटॉप घेणारे पालक आमच्या गावातच आहेत.

– एक पालक, देवगड