मशीन थांबवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या छापखान्याच्या गाळ्यात येऊन आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही “बस, चहा घे” म्हणालात आणि चहा येईपर्यंत मशीन सुरू झालं. मशीन सुरू असलं की तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ठाण्यात, कळव्यात, तिकडे ऐरोली-नेरुळला घरातल्या एका टेबलावर डिझाइनचं काम मांडून बसलेली पुष्कळ मुलं-मुली मला माहीत आहेत. त्यांना तुम्ही भेटलेला नाहीत.

२०१७ च्या जूनमध्ये मी लोअर परळची नोकरी सोडली. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं व्हायची होती आणि घरी माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नोकरीत चार वर्षं मी सोशल मीडियाच्या पोस्ट आणि बॅनर केले, सगळं पडद्यावरचं. कागदावर छापून आलेलं माझं एकही काम नव्हतं, आणि हे मी कुणाला सांगत नव्हते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गायन क्लासला २५ वर्षं होत होती, त्यांना स्मरणिका काढायची होती. ६४ पानं, ५०० प्रती, रविवारी सकाळी गडकरी रंगायतनला कार्यक्रम. समितीतल्या एका मावशींनी माझं नाव सुचवलं. मी तीन हजार रुपये सांगितले, त्यांनी लगेच हो म्हटलं. छपाई वागळे इस्टेटात, तुमच्याकडे.

शुक्रवारी रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. “कुठे राहतेस? कळव्याला? मग ये. मशीन थांबवलंय.” एवढंच बोलून ठेवलात. रिक्षा पुलावर अडकली, खाडीवरून वारा येत होता, आणि समितीला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

तुम्ही रागवाल असं मला वाटलं होतं. तुम्ही एक शीट दिव्याखाली धरलीत, भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, “वाच.” भिंगाखाली शिरोरेषा एक नव्हतीच. काळ्याच्या वरच्या कडेला निळसर रेघ, खालच्या कडेला गुलाबी, आणि अनुस्वारांचे नुसते डाग. मजकूर मी आरजीबीत, म्हणजे पडद्यावरच्या रंगांच्या पद्धतीत, ठेवला होता. तो सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, बदलताना काळा रंग चारही शाईंत वाटला गेला. पडद्यावर तो काळाच दिसतो. कागदावर मात्र चार शाईंच्या चार वेगळ्या प्लेटा एकमेकींवर केसभर सरकल्या तरी दहा पॉइंटचं देवनागरी अक्षर फुटतं, कारण आपल्या अक्षरांत गाठी आणि पोकळ्या फार. मजकुराचा काळा फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के; बाकीचे तिन्ही रंग शून्य. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला हवं हे मलाही सुचलं नव्हतं.

मग तुम्ही अर्पणपत्रिकेच्या पानावर बोट ठेवलंत. ‘गुरुचरणी अपर्ण.’

रफार एक अक्षर पुढे गेला होता. क्लासमधल्या निम्म्या लोकांचे लेख जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. ते युनिकोड या आताच्या पद्धतीत बदलून घेताना कुठे रफार हलला, कुठे पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटली. समितीतल्या तिघांनी पीडीएफ मोबाइलवर पाहून ‘छान’ असं कळवलं होतं आणि मी ते पुरेसं मानलं. तुम्ही वाचलं होतंत. छापायला आलेला प्रत्येक मजकूर तुम्ही वाचता, हे मला त्या रात्री कळलं. सतराव्या वर्षी गिरगावातल्या प्रेसमध्ये खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला लागलात, तेव्हापासूनची ती सवय. खिळे उलटे वाचावे लागतात, त्यामुळे डोळा शब्दावरून पुढे घसरत नाही, अक्षरापाशी थांबतो, असं तुम्ही म्हणालात. मी आजही शेवटचं प्रूफ पान उलटं धरून एकदा बघते. अर्थ कळेनासा झाला की चुका दिसायला लागतात.

पहाटे तीनपर्यंत तुम्ही एकेक पान मोठ्याने वाचत होतात आणि मी लॅपटॉपवर दुरुस्त करत होते. काकूंच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि मेथी माझ्यापुढे सरकवलीत. सकाळी फाइल गेली, दुपारी नव्या प्लेटा आल्या. घड्या घालायला येणाऱ्या तिघींना तुम्ही शनिवारी रात्री थांबवून घेतलंत, आणि रविवारी साडेसातला रंगायतनच्या पायऱ्यांवर गठ्ठे उतरले. पहिल्या फर्म्याच्या, म्हणजे एका शीटवर छापायच्या सोळा पानांच्या, आठ प्लेटा वाया गेल्या होत्या: दोन बाजू, बाजूला चार रंग. त्यांचे पैसे तुम्ही माझ्याकडून घेतले नाहीत, समितीकडूनही नाही. चूक माझी होती, आणि छापून मोकळं व्हायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. फाइल जशी आली तशी छापली, असं म्हणणारे छापखाने मी नंतर पाहिले. त्यांचंही कायद्याने काही चुकत नाही. म्हणूनच तुम्ही मशीन थांबवलंत ही गोष्ट मला इतकी मोठी वाटते.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानाबद्दलही लिहायलाच हवं. छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असलंच पाहिजे, असा १८६७ चा कायदा तेव्हा लागू होता. मी ती ओळ विसरले होते. तुम्ही ती टाकायला लावलीत, आणि तिच्यावर आणखी एक ओळ सांगितलीत: ‘मांडणी व सजावट’, पुढे माझं नाव. समितीच्या अध्यक्षांना शनिवारी सकाळी माझ्यादेखत फोन केलात. “काम तिने केलंय, नाव जायला हवं.” आईला कार्यक्रमाला येता आलं नाही. घरी गेल्यावर मी तिला ते पान उघडून दिलं. तिने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, मग प्रत देवघराच्या फळीवर ठेवली. महिन्याभराने चरईतल्या एका डॉक्टरबाईंनी तीच ओळ वाचून मला शोधून काढलं आणि त्यांच्या दवाखान्याचं सगळं काम दिलं. १ मार्च २०२४ पासून तो जुना कायदा गेला, नव्या कायद्यात पुस्तकांवर ती सक्ती उरलेली नाही. मी तरीही दोन्ही ओळी टाकते.

पण काका, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते त्याच्या पुढच्या बुधवारी.

मी स्मरणिकेची उरलेली प्रुफं न्यायला आले होते. तुम्ही विचारलंत, “किती घेतलेस?” मी सांगितलं. तुम्ही रद्दीतली एक शीट ओढलीत, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलंत. “माझं मशीन तासभर चाललं की मला काय खर्च येतो ते मला पाठ आहे. तुझा तास केवढ्याचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आपण मांडत बसलो. घरखर्च, सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं, वीज, नेट, चार वर्षांनी लॅपटॉप बदलावा लागेल त्याचा हप्ता, आईचा आणि माझा मेडिक्लेम, थोडी शिल्लक. महिना ३०,०००. मी कामाचे २५ दिवस धरले होते. तुम्ही तो आकडा खोडलात. “काम शोधण्यात, भेटायला जाण्यात, पैशांच्या मागे लागण्यात दिवस जातात. त्यांचे कोण देतं?” पैसे मिळतील असे दिवस बारा, दिवसाला सहा तास, म्हणजे ७२ तास. तासाला साधारण ४१७ रुपये. स्मरणिकेला मला ५० तास लागले होते. म्हणजे वीस हजारांच्या वर, आणि मी घेतले होते तीन हजार. तासाला ६० रुपये.

तुम्ही हसला नाहीत, ओरडलाही नाहीत. त्या ६० भोवती गोल काढलात, शीटची घडी केलीत आणि माझ्या हातात दिलीत. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आकडे दर एप्रिलमध्ये नव्याने मांडते, रीत तुमचीच.

पुढच्याच कामाला मी १८,००० सांगितले आणि ते गृहस्थ उठून गेले. मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, “मशीन रिकामं उभं राहिलं तर नुसतं भाडं जातं. तोट्यात चाललं तर भाडं जातं, शाई जाते आणि माणूसही दमतो.” त्यानंतर कोटेशन लेखी, निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या, तिसरीचे वेगळे. हे सगळं तुमच्याच कोटेशनचा कागद समोर ठेवून मी लिहून काढलं होतं. एका कंपनीचे पैसे दहा टक्के कमी आले तेव्हा मला फसवलं असंच वाटलं होतं. तो टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरलेला कर असतो, आपल्या पॅनवर जमा होतो, करखात्याच्या पत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो, हेही तुमच्या टेबलाशीच शिकले.

छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी, उद्यम नोंदणीसाठी, तर तुम्ही माझ्या मागेच लागला होतात. ती जुलै २०२० मध्ये सुरू झाली. आधार आणि पॅन पुरतं, सरकारी संकेतस्थळावर एक रुपयाही लागत नाही. मधले लोक पैसे मागतात, त्यांना देऊ नये. मला कंटाळा येत होता. “मी एकटी, मला कशाला?” तुम्ही म्हणालात, एकट्यालाच जास्त लागते. पुढच्या वर्षी महापेच्या एका कंपनीने कॅटलॉगचे ३८,००० सात महिने अडकवले. फोन उचलेनात. तुम्ही २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा काढून दाखवलात. नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी काम सुरू व्हायच्या आधीची हवी, नाहीतर दावा लंगडा पडू शकतो; माझी आधीची होती ती केवळ तुमच्या तगाद्यामुळे. आपण दोघांनी मिळून एक साधं पत्र लिहिलं, कलम १५ आणि १६ चा उल्लेख करून, एकही शब्द चढा नाही. अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. त्या पैशांतून आईच्या दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं उरलेलं बिल भागलं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आणि तुमचा तो ‘ल’! किती वेळा आपण त्यावरून बोललो असू. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही तसेच आहेत. मी दिल्ली वळणाचा, म्हणजे हिंदी पद्धतीचा ल असलेला फॉन्ट वापरला की तुम्ही शीटवर पेन्सिलने नुसती एक पाकळी काढून ठेवता. आता मी फॉन्ट घेताना आधी तेच बघते. काही फॉन्टांत दोन्ही रूपं दिलेली असतात, मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की आपली रूपं येतात. एवढ्याशा गोष्टीने पान घरचं वाटायला लागतं. अक्षरकार कमल शेडग्यांनी रेखाटलेल्या, नाटकांच्या नावांची वर्तमानपत्रातली कात्रणं तुम्ही एका फाइलीत जपून ठेवली आहेत, ती तुम्ही मला आठवडाभर घरी नेऊ दिलीत. मी त्यातलं एकेक अक्षर ट्रेसिंग पेपरवर गिरवलं. कॉलेजात जे हाताला लागलं नव्हतं ते तिथे लागलं.

आज माझ्याकडे वर्षभर पुरेल इतकं काम असतं. आई तलावपाळीला रोज संध्याकाळी एक फेरी मारून येते. कळव्यातच एक छोटी खोली भाड्याने घेतली आहे, तिथे दुसरं टेबल टाकलं आहे आणि त्यावर एक मुलगी काम शिकते. तिला पहिल्या महिन्यापासून पैसे देते, तासाचा हिशेब मांडून.

गुरुवारी बत्तीस पानांची पुस्तिका घेऊन येते. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आहे, रफार तपासलेत, ल पाकळीचा आहे, शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे. तरी प्लेटा करायच्या आधी तुम्ही एकदा वाचा. त्या दिवशी चहा मी घेऊन येईन. मशीन सुरू करण्याआधी मला दोन मिनिटं द्या, काका.

काकूंना नमस्कार.

आपली,
तुमच्या वहीत जिचं खातं ‘कळवा’ या नावाने आहे ती