बाबा, आवाज येतो

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर गाडीच्या आवाजाचं काढलं की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच.

दिवाळीत मी मारुती तीनदा बाहेर काढली. पहिल्या दोन खेपेला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. गार इंजिन, तापलेलं इंजिन, जागेवर उभी करून रेस दिली, तर तीन सिलिंडरची नेहमीची थरथर तेवढी. मिरज रोडवर चाळीसला नेऊन न्यूट्रल केली. चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं तर न्यूट्रलमध्येही घूंऽऽ करत राहिलं असतं. गाडी गुपचूप! बाबा शेजारी बसून बाहेर बघत होते, पण मिशीत हसत होते.

मग सोमवारी आईला हरिपूरला संगमेश्वराला नेलं. निघताना गाडी वळवायला जागा बेताचीच. स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं, जरा रेस दिली आणि खालून कट्-कट्-कट्-कट्. आई म्हणाली, "हाच. गेटातून बाहेर पडतानाही हाच येतो." हे ती तीन महिने सांगतेय! गॅरेजवाल्याने गाडी मोठ्या रस्त्याला सरळ पळवून आणली, आवाज नाही म्हणाला, आणि तरी प्लग नि बेल्ट बदलून बिल लावलं. सरळ रस्त्यावर हा आवाज येतच नाही, त्याला सापडणार कुठून? आईला सोबत घेऊन नुसतं गेटापर्यंत गेला असता तरी कळलं असतं.

घरी आल्यावर चाक पूर्ण वळवून मागून टॉर्च मारला. इंजिनाकडून पुढच्या चाकाला फिरवणारा जो शाफ्ट जातो, त्याच्या चाकाकडच्या टोकाला घड्याघड्यांचं काळं रबरी टोपण असतं, बूट म्हणतात त्याला. डाव्या बाजूचा बूट एका घडीत उभा-आडवा फाटलाय आणि आतलं ग्रीस गरगर उडून चाकाच्या आतल्या अंगाला काळा पट्टा बसलाय. थोडं बोटांत चोळलं, तर ओल्या रव्यासारखं खरखरीत. फटीतून धूळ-पाणी आत गेलं. बुटाच्या आत शाफ्ट आणि चाक जोडणारा जॉइंट असतो, त्यात सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात. चाक सरळ असताना त्यांना फारसं सरकावं लागत नाही, म्हणून आवाज नाही. चाक पूर्ण वळलं आणि वर जोर आला की झिजलेल्या खाचेत गोळी आपटते, तीच कट्-कट्.

बूट नुकता फाटलेला असता तर नवा बूट आणि ग्रीस भरून भागलं असतं. आता आवाज सुरू झालाय म्हणजे जॉइंट गेला. बाबा, गॅरेजवाला "तूर्त ग्रीस भरून देतो" म्हणाला तर ऐकू नका. शाफ्ट काढताना गिअर ऑइल वाहून जातं, ते परत भरलं का विचारा, आणि उजव्या बाजूचा बूटही बघायला सांगा. हा जॉइंट निखळला तर इंजिन सुरू, गिअर पडलेला, आणि गाडी भर चौकात जागची हलत नाही.

आता जरा नाजूक. त्या संध्याकाळी बाबा, मी मुद्दाम तुम्हाला शेजारी बसवून गेटापाशी तोच वळसा घेतला. कट्-कट् माझ्या तळपायाला जाणवत होती आणि तुम्ही म्हणालात, "बघ, काही नाही." म्हणजे तुम्ही खोटं बोलत नव्हता. मला तोवर वाटत होतं, खर्च टाळताय. वयाप्रमाणे आधी बारीक, चढे आवाज जातात. माणूस बोलतो ते ऐकू येतं, पण स आणि श निसटतात. परवा आई "शेव आण" म्हणाली आणि तुम्ही पेव शोधायला निघालात, त्यावर आपण सगळे हसलो. मी हसायला नको होतं.

पुढच्या शनिवारी येतेय. सकाळी गाडी गॅरेजला टाकू आणि रिक्षाने मिरजेला जाऊन कान तपासून येऊ. आई, तूही दाखवून घे, म्हणजे बाबांना एकटं वाटणार नाही.

तोवर हरिपूर चालेल, कोल्हापूर नको. गेटातून निघताना चाकं सरळ झाली की मगच रेस द्या. टॉर्च डिक्कीत राहिलाय, त्यातले सेल काढून ठेवा, नाहीतर गळतील.

तुमची,
मनू