करंटच्या तारेऐवजी पोरांच्या हाती मानवेल बांबूची गळाची काठी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस पडून नाले वाहू लागले की आपल्या पेपरच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते. करंट लावून मासे पकडताना तरुणाचा मृत्यू. चार-पाच ओळी, गावाचे नाव, वय बावीस किंवा चोवीस. मला ती बातमी वाचून पान उलटता येत नाही, कारण त्या करंटची मशीन बांधून मागायला पोरे माझ्या दुकानात येतात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे, एकतीस वर्षांपासून. उन्हाळी धानाच्या दिवसांत शेतपंपाच्या जळालेल्या मोटरी ओसरीपर्यंत रचलेल्या असतात. बाकीच्या वेळी पंखे, कुलर, मिक्सर. तांब्याची तार हातात धरणारा माणूस म्हणजे करंटमधले सगळे जाणणारा, असे गावात धरून चालतात. तीन वर्षांपूर्वी आषाढात संध्याकाळी दोन पोरे आली. एक माझ्याच आळीतला.

"काकाजी, बॅटरीवर चालते तशी मशीन बांधून द्या ना. पैसे मनान तेवढे देतो."

"कायले पायजे?"

"मासोऱ्या धराले."

मी नाही म्हटले. त्यांना वाटले, पैसे कमी पडतात. मग मी दोघांना बाकावर बसवले आणि जे सांगितले ते इथेही सांगतो. शहरातल्या घरांत जीव वाचवायला जो ट्रिप स्विच लावतात, तो 30 मिलिअँपियरची गळती झाली की बंद पडतो. त्याच्या पुढचा करंट शरीरातून जाऊ देणे धोक्याचे असते. पंचवीस वॅटचा साधा बल्ब जेवढा करंट घेतो, तेवढा छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडायला पुरेसा आहे. कोरड्या कातडीचा काही अडसर तरी असतो. मांडीएवढ्या पाण्यात, ओल्या अंगाने उभे राहिल्यावर तोही उरत नाही. हात आकडतो, तार सुटत नाही, माणूस पाण्यात पडतो आणि धरायला जाणारा दुसराही पडतो. बांधावरच्या पंपाच्या पेटीतून वायर ओढून नाल्यात सोडणारे तर थेट मरणच हातात घेऊन उतरतात.

आणि माशांचे काय होते? करंटचा झटका बसला की माशाचे सगळे अंग एकदम आखडते. कितीतरी माशांचा मणकाच मोडतो. वर आलेले चार मोठे मासे पोरे उचलतात. बुडाशी गेलेले, बोटाएवढे, गाभोळीने भरलेले, ते तिथेच सडतात. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून. करंटने होणारी नासाडी त्याहून लहान नाही.

दोघांपैकी एक पोरगा उठून गेला. माझ्या आळीतला बसून राहिला. म्हणाला, "मंग आमी का करावं, काकाजी? जाळं ढीवरायचं, तलाव सोसायटीचा." त्याचा प्रश्न खरा होता. जाळे मासेमार ढीवरांचे, तलाव मच्छीमार सोसायटीचा. मी आत जाऊन माझी गळाची काठी आणली आणि त्याच्या हातात दिली.

ही काठी करायला मला आमच्या शेजारच्या ढीवर म्हाताऱ्यांनी शिकवले. आम्ही त्यांना बाबाजी म्हणत असू. आता ते नाहीत. त्यांची साधी गरी होती. अखंड वेळू, टोकाला दोर, जुन्या स्लिपरचा तुकडा तरंगायला. रीळ आणि दोर ज्यांतून जातो त्या रिंगा हा माझा नंतरचा भाग. पण वेळू कसा निवडायचा हे त्यांचेच, आणि काठी तिथेच ठरते.

आपल्याकडे दोन बांबू मुख्य. कटांग जाड, काटेरी, आतून पोकळ. तो मांडवाला, घराला. काठीला मानवेलच पाहिजे. कोरड्या, मुरमाड जमिनीत वाढलेल्या मानवेलचा गाभा जवळजवळ भरीव असतो आणि तो वाकून परत सरळ होतो. यंदाचा कोंब घ्यायचा नाही. त्याला खोळ चिकटलेली असते, अंगावर पांढरी भुकटी असते. तिसऱ्या वर्षाचा घ्यायचा. रंग मळलेला, बोटाने वाजवला की आवाज टणक. तोड दिवाळीनंतर, थंडीत. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर-पिठाचा अंश जास्त असतो, त्यावर भुंगा येतो आणि काठीखाली पिवळ्या पिठाची रांगोळी पडते. तोडलेला वेळू बाबाजी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, दगडाखाली पंधरा-वीस दिवस बुडवून ठेवत. बाहेर काढला की घाण वास मारतो, पण त्या पाण्यात कीडीचे खाद्य निघून जाते. मग सावलीत, शेंडा खाली करून, आढ्याला टांगायचा. महिना तरी. खालच्या टोकाला वीट बांधली तर सुकताना वाकत नाही.

तरी वाकतोच थोडा. गाठीपाशी. तिथे निखाऱ्यावर फिरवत शेकायचा, हाताला सोसवणार नाही इतका तापला की गुडघ्यावर दाबून सरळ धरायचा आणि ओल्या फडक्याने निववायचा. घाई केली की काळा पडतो आणि तिथेच मोडतो. मी पहिले तीन असे मोडले. बाबाजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "गाठ घास, साल नोको सोलू." त्याचे कारण मला पुढे कळले. बांबूचे मजबूत धागे सालीखालच्या पातळ थरातच दाट असतात, आत जावे तसे विरळ. कानशीने सुंदर गुळगुळीत केलेली काठी म्हणूनच पहिल्या मोठ्या माशाला मोडते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदुका करणाऱ्या कारागिराने बांबूच्या पट्ट्या चिरून, चिकटवून गळाची काठी केली. नंतर हायरम लेनर्डने सहा तिकोनी पट्ट्यांची षट्कोनी काठी नावारूपाला आणली. त्या सुरुवातीच्या काठ्यांना जो बांबू लागायचा त्याला ते लोक 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो कलकत्ता बंदरातून जहाजावर चढायचा. जाणकार तो बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असे मानतात. हेच आपल्या मानवेलचे शास्त्रीय नाव. पुढे चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, मग फायबरग्लास आला, मग कार्बन. पण आमच्या बांधावर उभा असलेला हा वेळू एके काळी जगातल्या सगळ्यात नामी काठ्यांचा कच्चा माल होता. हे मी त्या पोराला सांगितले तेव्हा त्याने काठी उलटसुलट करून परत एकदा पाहिली.

सहा पट्ट्यांची काठी मीही केली. सुताराकडून साठ अंशांची खाच असलेला सागाचा ठोकळा करून घेतला आणि त्यात एकेक पट्टी रंधली. दोन हिवाळे गेले. पहिली काठी पांढऱ्या डिंकाने चिकटवली, ती श्रावणात सांध्यात उकलली. दुसरी इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या डिंकाने, ती अजून आहे. पण शिकाऊ पोराला ते सांगत नाही. त्याला अखंड मानवेलच पुरे.

नऊ फुटांची काठी सायकलवर नेता येत नाही, म्हणून मधे कापून भंगारातली पितळी नळी बसवतो. नळीच्या दोन्ही बाजूंना दोर घट्ट गुंडाळला नाही तर बांबू चिरतो. मग काठी टेबलावर आडवी ठेवून शेंडा दाबत फिरवायची. एका जागी ती आपणहून गरकन वळते. तो तिचा कणा. रिंगा त्या अंगाच्या हिशेबाने लावायच्या, नाहीतर मासा ओढला की काठी हातात पिळते. फुटाला एक रिंग आणि वर एक, असा ढोबळ हिशेब. रिळाजवळ मोठी, शेंड्याकडे लहान होत जाणारी. जागा मोजपट्टीवर सोडायची नाही. चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून, दोराला वजन बांधून काठी वाकवून पाहायची. दोर कुठेही बांबूला घासता कामा नये.

पुढचे काम माझ्या धंद्याचे. रिंगेचे पाय कानशीने पातळ करून त्यावर पॉलिस्टरचा दोरा गुंडाळायचा. वेढ्याला वेढा लागून, एकावर एक न चढता, एकसारख्या ताणाने. मोटरची कॉइल भरणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्यावर इपॉक्सीचा पातळ लेप. दोन भाग बरोबर समान घ्यायचे, नजरेने नाही, सिरिंजने मोजून. लेप ओघळू नये म्हणून काठी तासन्‌तास सावकाश फिरत राहावी लागते. त्यासाठी मी जुन्या कुलरची हवा फिरवणारी छोटी मोटर वापरतो. मिनिटाला चार-पाच फेरे, अगदी हवे तेवढे. विदर्भात भंगारात कुलरच्या मोटरींना तोटा नाही. मे महिन्यात लेप वाटीतच आवळतो, म्हणून काम दिवस मावळल्यावर. पावसाळी दमट हवेत तो पांढुरका धरतो, तेव्हा करायचेच नाही. मुठीला स्लिपरच्या तळव्यातून चकत्या कापून, भोक पाडून, चिकटवून घासतो. ओल्या हातातून सुटत नाही.

त्या पोराची काठी आम्ही फाल्गुनात पुरी केली. सगळा खर्च 540 रुपये, रीळ वेगळे. आता तो सोसायटीच्या अध्यक्षांना विचारून, ठरलेले पैसे देऊन बसतो. कणकेच्या गोळ्यावर रोहू, गांडुळावर शिंगूर. मरळ पिलांचा थवा घेऊन फिरत असली तर तिच्यापुढे गरी टाकायची नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. आई-बाप राखणीला नसले की ती पिले बाकीचे मासे खाऊन टाकतात.

वीजवाला म्हणून आणखी एक सांगतो. आता पोरे मोबाइलवरून कार्बनच्या लांब काठ्या मागवू लागली आहेत. कार्बन वीज वाहून नेतो, धातूसारखा. आमच्या कितीतरी तलावांच्या पाळीवरून शेतपंपाकडे जाणारी 11 हजार व्होल्टची लाइन गेलेली आहे, उन्हाळ्यात ती झोळासारखी लोंबते. गळ फेकताना काठी डोक्यावरून मागे जाते तेव्हा नजर पाण्यावर असते. तार शिवलीच पाहिजे असेही नाही, जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. ओला बांबूही अशा तारेखाली भरवशाचा नाही. तारेखाली बसूच नका, काठी कशाचीही असो. सोसायट्यांनी पाळीवर अशा जागी चुन्याने खूण केली तर दहा रुपयांचे काम आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारो मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आहेत. 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू वन कायद्यात झाड राहिलेला नाही, बांधावर लावून तोडता येतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तर 2011 मध्येच आपल्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती मिळाले. तलाव आहेत, बांबू आहे, बुरडांचे हात आहेत, ढीवरांचे ज्ञान आहे. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राला माझी आपल्या पेपरमार्फत विनंती आहे की खुर्च्या, दिवे, टोपल्या यांच्याबरोबर गळाची काठी शिकवायला घ्यावी. पंधरा दिवसांत शिकता येते. आणि मच्छीमार सोसायट्यांना विनंती की गावच्या पोरांसाठी गरीने मासे धरायची पावती ठेवावी, महिन्याची, त्यांना परवडेल अशी. पावती असलेला पोरगा पाळीवर दिवसभर बसलेला असतो. रात्री कोणी तार घेऊन आले तर पहिला तोच ओरडेल, कारण मासा त्याचाही असेल.

मशीन मागायला आलेला दुसरा पोरगा परत माझ्याकडे आला नाही. त्याने ती कुठून तरी आणल्याचे ऐकले. मागच्या पावसाळ्यात दोनदा मी रात्री त्याच्या घरासमोरून मुद्दाम चक्कर टाकली, सायकल दारात आहे का पाहायला. दोन्ही वेळा होती. यंदा त्याच्यासाठी एक वेळू बोडीतून काढून टांगून ठेवला आहे.

आपल्या वाचकांपैकी कुणाला शिकायचे असेल तर त्याने तिसऱ्या वर्षाचा मानवेल घेऊन यावे. बाजाराच्या दिवशी दुकान बंद असते, बाकी रोज दिवेलागणीनंतर मी मोकळा असतो. शिकवण्याचे पैसे घेत नाही.

आपला,
एक वाइंडिंग मिस्त्री
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया