दगडाचे तोंड कोणीकडे होते, हे विचारणाऱ्या मुकादमांना

मुकादमसाहेब,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही लिहू नये, असे निघताना तुम्ही दोनदा बजावलेत, म्हणून हुद्द्यावरच भागवतो. पत्र मात्र उघडे लिहितो आहे, कारण आमच्या रस्त्याकडेच्या तीन जुन्या कोरीव दगडांना ज्यांनी रस्ता रुंदीकरणातली 'अडचण' म्हटले, त्यांच्याही वाचनात ते यावे अशी इच्छा आहे.

गावाला लिहिलेला इतिहास नाही. जे काही आहे ते या रस्त्याच्या कडेलाच उभे आहे. ओढ्याजवळचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, खालून वर वाचायचा असतो, हे मलाही पन्नाशीनंतर कळले. तळाच्या चौकटीत पडलेला वीर आणि त्याच्यामागे गाई, म्हणजे हा माणूस गावाचे गोधन राखताना गेला. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, ते आहेत तोवर त्याची आठवण राहावी म्हणून. विहिरीपाशी सतीशिळा आहे, तिच्यावर कोपरात वाकलेला, चुडा भरलेला हात. शिवेवर गधेगळ आहे. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला घातलेली ती शिवी आहे, आणि ती अक्षरे न वाचताही कळावी म्हणून गाढवासकट कोरलेली आहे. (माझी आई या शिळेपाशी आम्हां मुलांना थांबू देत नसे; कारण विचारले की विषय बदलत असे.)

रुंदीकरणाची आखणी झाली तेव्हा तिन्ही दगड भरावाखाली जाणार हे उघड होते. मी अर्ज घेऊन तीन ठिकाणी फिरलो. एके ठिकाणी 'नोंद दाखवा' म्हणाले. दुसरीकडे, असे दगड गावोगावी पडलेले आहेत, असे हसून सांगितले. ते खरेही आहे, पण गावोगावी आहेत म्हणूनच ते गावोगावी बुजवले जातात. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख अनेक अभ्यासक शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा मानतात आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना करतात; तोसुद्धा कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेलाच ऊनपाऊस सोसत उभा होता. तिसऱ्या ठिकाणचे गृहस्थ जाणकार होते. ते गाडीने आले, अक्षरे फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांनी गधेगळावर पांढरा रंग फासला, फोटो काढले आणि गेले. तो रंग अजून निघालेला नाही.

आणि मग तुम्ही आलात. दगड मागे सरकवण्याचे तुम्ही कसे जमवलेत, वर कोणाला काय सांगितलेत, हे मी विचारले नाही आणि इथेही लिहीत नाही. मला जे विसरता येत नाही ते फार लहान आहे. जेसीबी चालू करण्याआधी तुम्ही पायांतल्या वहाणा काढून वीरगळासमोर उभे राहिलात आणि माझ्या आईला, जी गेली साठ वर्षे तिथे दिवाळीला पणती ठेवते, विचारलेत, "आजी, याचं तोंड पहिल्यापासून इकडंच आहे का?" तिने मान हलवल्यावर तुम्ही दगडाभोवती फक्कीने रेघ आखलीत, तोंडाच्या बाजूला बाण काढलात, आणि मगच गोणपाटाच्या घड्या घालून पट्टा आवळलात.

साहेब, या शिळांचा अर्धा अर्थ त्यांच्या जागेत असतो. शिवेवरून उचलून देवळाच्या आवारात नेलेला गधेगळ नुसता गाढवाचा दगड होतो, कारण तो कोणत्या जमिनीची राखण करत होता हे मग कोणालाच सांगता येत नाही. हे मला पुस्तकांतून शिकावे लागले. तुम्हाला ते दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलण्याआधी विचारावे, इतक्या साध्या रीतीमुळे कळले. ही रीत तुमच्या घरात कोणी लावली ते मला माहीत नाही, पण त्या माणसालाही माझा नमस्कार सांगावा. हल्ली लोक जुन्या गोष्टींचा अभिमान फार मोठ्या आवाजात सांगतात. त्या आवाजात 'आजी, विचारू का?' एवढे म्हणणारा माणूस भेटला की गळा दाटून येतो, आणि त्या दुपारी माझा आला होता, हे कबूल करायला संकोच वाटत नाही.

तिन्ही दगड नऊ-दहा फूट मागे, पण त्याच ओळीत आणि त्याच दिशेला तोंड करून उभे आहेत. सतीशिळेची जुनी चीर पावसाळ्यात वाढली नाही. आईने यंदा पणती नव्या जागी ठेवली आणि परत येताना तुमच्याबद्दल विचारले. वीरगळ उभा करताना तुम्ही तीन वेळा लावून पाहिलेला ओळंबा आमच्या ओसरीवर राहिला आहे. तो खुंटीला टांगून ठेवला आहे. या बाजूला काम निघाले तर घेऊन जावा, आणि जेवणाच्या वेळेला यावे.

आपला,
ओढ्याकडच्या घरातला मास्तर