मांड्यांचा हिशेब : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. ‘उद्योजकता विकास’ हा पेपर 19 वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासची गोष्ट. एका विद्यार्थिनीनं उद्योजकाचे आठ गुण घडाघडा लिहिले, पैकीच्या पैकी मार्क मिळवले. तिची आई खापरावरचे मांडे करून विकते. मी विचारलं, एका मांड्यामागे माईला किती सुटतात? पोरगी गप्प. मग आम्ही वही घेऊन बसलो. गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, सरपण, सगळं मांडलं. आईनं स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती. ती धरल्यावर लग्नाच्या बहुतेक ऑर्डरी तोट्यात निघाल्या. त्या तासाभरात पोरगी जे शिकली, ते माझ्या वर्षभराच्या तासांत नव्हतं. याची मला लाज वाटते, म्हणून हे पत्र.

असलेल्याच गोष्टींची नवी सांगड घालतो तो उद्योजक, हे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटरनं 1911 मध्ये मांडलं. आमची मुलं ते पाठ करतात. पण याच अमळनेरात 1945 मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, हे अभ्यासक्रमात कुठं नाही. तिचे शेअर सांभाळून ठेवलेली घरं गावात आहेत. तिथं जाऊन चार प्रश्न विचारले तर भांडवल आणि धीर यांचं नातं मुलांना कळेल. प्रताप शेठजींनी इथं कापडगिरणी चालवली आणि 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही उभारलं. साने गुरुजी तिथंच शिकायला आले आणि पुढे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. गिरणीचा पैसा गावाच्या शाळेपर्यंत कसा गेला, गिरणी कामगाराच्या घरी त्यातलं किती पोचलं, हा खरा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

आणि फक्त चढती कमान दाखवून भागणार नाही. भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये 7,000 रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला, हे जळगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुढे त्यांच्या जैन इरिगेशन कंपनीच्या ठिबक सिंचनानं आणि टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांच्या) केळीनं इथली शेती बदलली, हेही खरं. त्याच कंपनीला 2019 नंतर कर्ज फेडणं जड गेलं, पुनर्रचना करावी लागली. मुलांनी दोन्ही वाचायला हवं.

बुडालेल्या धंद्यांबद्दल आपण बोलतच नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं यावल भागात केळी पावडरचं युनिट टाकलं. मशीनला कर्ज मिळालं, पण माल घ्यायला हातात पैसा लागतो. ते खेळतं भांडवल बँकेनं अडवलं. 14 महिन्यांत शटर खाली आलं. सरकारी कागदावर तो अजूनही ‘लाभार्थी’ आहे. का बुडाला, हे विचारायला कुणीही आलं नाही. 1964 च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं, तेव्हा प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले पुढे काय करतात हे पाहिलं होतं. आपण प्रमाणपत्रं वाटतो आणि फोटो काढतो.

अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, मला ठाऊक आहे. पण आपण शब्द टाकलात तर बहिणाबाईंच्या नावाचं आमचं विद्यापीठ या पेपरचे निम्मे मार्क गावातल्या एका धंद्याच्या वर्षभराच्या अभ्यासाला देऊ शकेल. दोंडाईच्याची मिरची, रावेरची केळी, जळगावची डाळमिल, कुठलाही धंदा चालेल, फक्त हिशेब प्रत्यक्ष बसून मांडलेला हवा. दुसरी मागणी अधिक कळकळीची आहे. उद्योग खात्याशी बोलून जिल्हा उद्योग केंद्रातली बंद पडलेल्या उद्योगांची प्रकरणं, नावं झाकून, आमच्या मुलांना वाचायला द्या. खर्च झेरॉक्सचा.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी प्रकरणं मिळाली तर पहिली तुकडी मी स्वतः घेतो, वेगळं मानधन नको. मांडेवाली माई पहिल्या तासाला यायला तयार आहे. तिनं आता दर वाढवला आहे, आणि दोन गिऱ्हाईकं तुटली. तीही नोंद आम्ही वहीत केली आहे.

आपला नम्र,
वाणिज्याचा एक शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव