गावविहिरीचा गाळ काढायचा आहे, हात द्या, हातभार लावा

ग्रामस्थहो, आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या मंडळींनो,

मारुतीच्या देवळामागची विहीर यंदा होळीलाच तळाला गेली. ७२ च्या दुष्काळातही ती आटली नव्हती, असे म्हातारी माणसे सांगतात. आता पोहरा सोडला की खडकावर आपटतो आणि वर येतो तो निम्मा गाळाने भरून.

पाऊस कमी झाला हे खरे, पण सगळे खापर त्याच्यावर फोडू नये. आपल्या लातूर भागात खाली काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक; विहिरीचे झरे त्यातलेच. पाचशे फुटांचा बोअर हाच थर फोडून खाली जातो. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, नीट बसले नसेल तर वरचे पाणी बोअरमधून पाताळात उतरते आणि शेजारची विहीर आटते. म्हणजे कोरडा गेलेला बोअरही नुकसान करतोच. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. आपल्या गावाला रूळ नाहीत.

१ मेपासून काम सुरू करत आहोत. गाळ काढणे, पूर्वेची ढासळलेली कड बांधणे आणि मृगाच्या आत वरच्या माळावर पावसाचे पाणी मुरवायला समतल चर खोदणे. गाळ वर ओढायच्या यारीचे भाडे, डिझेल आणि सिमेंटसाठी पैसे लागतील. ते ग्रामपंचायतीत पावती घेऊनच द्यावेत. हिशेब दर रविवारी चावडीच्या फळ्यावर लागेल. पैसे जमत नसतील तर टिकाव-फावडे घेऊन या. गाळ ज्याला शेतात हवा त्याने स्वतःची ट्रॉली आणावी. आणि स्वयंपाकाचे बायकांनी बघावे असे कोणी परस्पर ठरवू नये. घागरी त्याच वाहतात, काम कुठून सुरू करायचे तेही त्यांनीच सांगितले आहे.

आता थोडे कडू. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही, हा नियम १९९३ च्या कायद्यापासूनचा आहे. तरी वर्षभरात बोअरची गाडी दोनदा रात्री येऊन गेली. कोणाकडे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला एक बोअर आमच्याच समितीतल्या सदस्याचा. त्याने मोटर वर काढली आहे. दुसऱ्यानेही पाऊस पडेपर्यंत उसाचे पाणी थांबवावे, ही हात जोडून विनंती.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला जमायचे. पायात बूट घालून या, तळाशी काचा आहेत.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती